टॉवेलच्या कारखानदाराने लिंक्डइनवरील प्रोफाइल कशी लिहावी?

प्रश्न | टॉवेल उत्पादक, अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहत, सोलापूर

नमस्कार. आमचा टेरी टॉवेलचा (सुताचे फासे वर काढून विणलेल्या टॉवेलचा) लहान कारखाना आहे. २४ माग आहेत. सायझिंग (ताण्याच्या सुताला खळ लावणे) बाहेरून करून घेतो, विणलेला माल ब्लीचिंग आणि रंगणीसाठी प्रोसेस हाउसला जातो, आणि तेथून परत आल्यावर शिलाई, तपासणी, घडी व बांधणी आमच्याच शेडमध्ये होते. आजोबा जुन्या मिलमध्ये जॉबर (मागांवरच्या कामगारांचे मुकादम) होते. मिल बंद पडल्यावर वडिलांनी काही वर्षे पूर्व भागात दुसऱ्यांच्या मागांवर काम केले, मग चार माग स्वतःचे घेतले, आणि तेथून आजचा कारखाना उभा राहिला. मी गेली सहा वर्षे वडिलांबरोबर व्यवसाय पाहतो.

आमचा सगळा माल तीन व्यापाऱ्यांमार्फत जातो. त्यांचेच लेबल लागते आणि पैसे ९० दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा येतात. आमचा टॉवेल शेवटी कोणत्या हॉटेलात किंवा रुग्णालयात वापरला जातो, हे आम्हाला कधीच कळत नाही. व्यापाऱ्यांशी आमचे वाकडे नाही, कारण त्यांनीच वडिलांना कठीण काळात सूत उधार मिळवून दिले होते. तरीही मालाचा काही भाग तरी थेट हॉटेल, रुग्णालये आणि छोटे निर्यातदार यांच्याकडे जावा, अशी माझी इच्छा आहे.

त्यासाठी आठ महिन्यांपूर्वी लिंक्डइनवर प्रोफाइल उघडली. नावाच्या जागी पेढीचे नाव लिहिले, छायाचित्राच्या जागी बोधचिन्ह लावले, आणि खाली ‘उत्पादक, पुरवठादार, निर्यातदार, घाऊक विक्रेते, उत्तम दर्जा, वाजवी दर’ असे इंग्रजीत लिहिले. आजवर चारशेच्या आसपास लोक जोडले गेले आहेत, परंतु संदेश येतात ते विमा विकणाऱ्यांचे, कर्ज देणाऱ्यांचे आणि संकेतस्थळ बनवून देणाऱ्यांचे. खरी चौकशी एकच आली. त्या गृहस्थांनी पहिलाच प्रश्न विचारला, “मी नेमके कोणाशी बोलतो आहे?” मी उत्तर दिले, पण पुढे त्यांनी काही लिहिले नाही. तो प्रश्न तेव्हापासून डोक्यात राहिला आहे.

प्रोफाइल माझ्या नावाने असावी की पेढीच्या? मजकूर इंग्रजीत असावा की मराठीतही चालेल? मागांची संख्या आणि उत्पादनाचे आकडे उघड लिहिले तर शेजारचे कारखानदार त्याचा गैरफायदा घेतील, असे वडिलांना वाटते. ते कितपत खरे आहे? आमचा माल व्यापाऱ्यांमार्फत परदेशी जातो, मग मी स्वतःला निर्यातदार म्हणवून घेऊ शकतो का? आणि आजोबांची, मिलची हकिकत अशा ठिकाणी लिहावी की तो घरगुती विषय समजून सोडून द्यावा? अनुभवी मंडळींनी सविस्तर मार्गदर्शन करावे, ही विनंती.

---

उत्तर १ | हॉटेलसाठी कापडी सामानाची खरेदी पाहणारी, पुणे (माहेर बार्शी)

नमस्कार दादा. मी खरेदीच्या बाजूला बसते, म्हणून समोरच्या माणसाला तुमची प्रोफाइल कशी दिसते, तेवढेच सांगते.

त्या गृहस्थांचा प्रश्न अगदी योग्य होता. लिंक्डइन २००३ साली सुरू झाले ते नोकरदार माणसाची कारकीर्द मांडण्याची जागा म्हणून. त्यामुळे त्या प्रोफाइलमधला प्रत्येक रकाना एका माणसाला विचारलेला प्रश्न आहे: तुम्ही कोठे शिकलात, काय काम केले, तुमच्याबद्दल कोण चांगले बोलते. पेढी या प्रश्नांची उत्तरे देऊ शकत नाही, म्हणून पेढीच्या नावाने उघडलेली प्रोफाइल अर्धी रिकामी राहते. शिवाय प्रोफाइल खऱ्या व्यक्तीच्या खऱ्या नावानेच असावी, असा त्या संस्थेचा नियमही आहे. तो मोडला तर खाते बंद होऊ शकते आणि जोडलेली माणसे एका दिवसात जातात. पेढीसाठी वेगळे पेज करण्याची सोय आहे. ते पेज उघडायला आधी व्यक्तीची प्रोफाइल लागते. तेव्हा आहे त्याच प्रोफाइलवर आपले नाव लिहा, आपले छायाचित्र लावा, मग पेढीचे पेज तयार करा आणि अनुभवाच्या रकान्यात ते पेज जोडा. तसे केले की पेढीचे बोधचिन्ह आपोआप तुमच्या प्रोफाइलवर दिसू लागते, आणि जोडलेली चारशे माणसेही टिकतात. हे बदल करताना ‘बदलांची माहिती नेटवर्कला कळवा’ ही सोय बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक लहान दुरुस्ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जाईल.

आता मी काय करते ते सांगते. मला टॉवेल हवे असतात तेव्हा मी शोधाच्या चौकटीत ‘टेरी टॉवेल’ आणि ‘सोलापूर’ हे शब्द इंग्रजीत टाकते. समोर वीस-पंचवीस नावांची यादी येते. त्या यादीत प्रत्येकाचे छायाचित्र, नाव आणि नावाखालची ओळ एवढेच दिसते. त्या ओळीला २२० अक्षरांची मर्यादा आहे आणि मोबाइलवर तर तिचा पहिला तुकडाच दिसतो. म्हणून पहिल्या सात-आठ शब्दांत तुम्ही काय बनवता आणि कोणासाठी बनवता, हे आलेच पाहिजे. ‘उत्पादक, पुरवठादार, निर्यातदार, घाऊक विक्रेते’ असे चार शब्द एकापुढे एक वाचले की हा माणूस स्वतः विणतो की दुसऱ्याचा माल फिरवतो, हेच मला कळत नाही. ‘उत्तम दर्जा, वाजवी दर’ हे शब्द तर यादीतल्या बहुतेकांनी लिहिलेले असतात, त्यामुळे डोळा त्यांवरून तसाच पुढे सरकतो.

नावावर टिचकी मारली की मी ‘माझ्याविषयी’ हा भाग पाहते. तेथे २,६०० अक्षरे लिहिता येतात, परंतु सुरुवातीच्या दोन-तीन ओळी तेवढ्या उघड्या असतात आणि बाकीचा मजकूर ‘आणखी पाहा’ म्हटल्यावर उलगडतो. बहुतेक कारखानदार या ओळी ‘आमची कंपनी ही या क्षेत्रातील अग्रगण्य’ अशा वाक्यावर खर्च करतात. त्याऐवजी मला तेथे आकडे वाचायला मिळाले, तर मी पुढचा मजकूर उघडतेच. कोणत्या मापाचे टॉवेल, किती जीएसएमपर्यंत (एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन), सुताचा काउंट (बारीकपणा) काय, साधे की डॉबी बॉर्डरचे (विणलेल्या नक्षीच्या पट्टीचे) की जॅकार्डमध्ये हॉटेलचे नाव विणून देता, पांढरा माल किती आणि रंगीत किती, हे मला हवे असते. हॉटेलचा माल रोज धुतला जातो आणि पांढऱ्यावर ब्लीचही पडते, म्हणून किती धुण्यांनंतर कड उसवली नाही किंवा पाइल (टॉवेलवरचे फासे) ओढला गेला नाही, हे तुम्ही स्वतः तपासले असेल तर तेही लिहा.

आकड्यांबद्दल एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा टॉवेल ४५० जीएसएमचा असेल, तर त्याचे वजन साधारण ५०६ ग्रॅम भरायला हवे. हा हिशेब खरेदीतला माणूस मनातल्या मनात करतो. कोणी ४५० जीएसएम लिहून त्याच मापाच्या नगाचे वजन ४२० ग्रॅम दिले असेल, तर तो त्याच क्षणी यादीतून बाद होतो. उलट माप, जीएसएम आणि नगाचे वजन ही तिन्ही जुळलेली दिसली की या माणसाच्या शेडमध्ये वजनकाटा वापरला जातो, असा विश्वास बसतो. मला तरी या एका ओळीइतके काही पटत नाही.

वडिलांची शंका मी समजू शकते. पण मागांची संख्या शेजाऱ्याला माहीत नसते का? तुमच्या वसाहतीत कोणाकडे किती माग आहेत, हे सायझिंगवाल्यापासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते पुण्यातल्या मला. गुप्त ठेवायचे ते दर, व्यापाऱ्यांची नावे आणि उधारीच्या अटी. क्षमता लपवून काही साधत नाही. मात्र एकूण क्षमता लिहू नका. आज नव्या गिऱ्हाइकाला महिन्याला किती माल देऊ शकता, तेवढीच लिहा. एका पुरवठादाराने एकदा मला मोठा आकडा सांगितला आणि दुसऱ्याच खेपेला जुन्या व्यापाऱ्याचे काम आधी घेऊन माझा माल तीन आठवडे अडकवला. हॉटेल उघडण्याची तारीख ठरलेली होती. त्यानंतर मी रिकाम्या क्षमतेबद्दलच विचारते.

छायाचित्राबद्दल इतकेच सांगते की स्टुडिओतले, कोट घातलेले नको. शेडमध्ये उजेड चांगला असेल अशा वेळी, चेहरा स्पष्ट दिसेल असे आणि मागे माग किंवा घडीचे टेबल येईल असे काढा. वरच्या आडव्या पट्टीसाठी १,५८४ बाय ३९६ पिक्सेलचे चित्र लागते. तेथेही तुमचाच माल दाखवा. गोल छायाचित्र त्या पट्टीच्या डावीकडचा खालचा भाग झाकते, म्हणून अक्षरे असतील तर ती उजवीकडे ठेवा.

---

उत्तर २ | शाळांच्या गणवेशांचे उत्पादक, सोलापूर

वरच्या ताईंनी खरेदीची बाजू फार चांगली सांगितली आहे. मी आपल्यासारखाच बनवणाऱ्यांपैकी आहे, म्हणून माझा अनुभव लिहितो.

मीही सुरुवातीला पेढीच्या नावानेच प्रोफाइल केली होती, आणि त्यापेक्षा मोठी चूक म्हणजे एका एजन्सीला पैसे देऊन ‘पाच हजार कनेक्शन’ घेतली. त्या पाच हजारांत एकही शाळा नव्हती, एकही कापड व्यापारी नव्हता. त्याचा खरा तोटा मला नंतर समजला. आपण काही लिहिले की ते आधी आपल्या जोडलेल्या माणसांपैकी काहींना दिसते, आणि त्यांनी त्यात रस घेतला तर ते पुढे जाते. माझ्या पाच हजार माणसांना गणवेशाशी काही देणेघेणेच नव्हते, त्यामुळे मी जे लिहीत होतो ते तेथल्या तेथेच विरून जात होते. शेवटी मी एकेक नाव पाहून त्यांतली बहुतेक काढून टाकली. त्या कामाला दोन महिने लागले.

त्यानंतर मी जोडण्यासाठी विनंती पाठवायची पद्धत बदलली. रोज तीनच माणसे निवडतो. त्यांची प्रोफाइल पूर्ण वाचतो आणि विनंतीसोबत दोन वाक्यांची चिठ्ठी लिहितो: मी कोण, आणि तुमच्याच दारी का आलो. विक्रीची भाषा त्या चिठ्ठीत एक अक्षरही नसते. आपल्याकडे नव्या पेढीवर जाताना आपण कोणाची तरी ओळख घेऊन जातो, “अमक्यांनी पाठवले” असे सांगून बसतो, चहा होतो आणि मग मालाचा विषय निघतो. येथेही तीच रीत चालते. दोघांच्या ओळखीचे कोण आहे, ते प्रोफाइलवरच दिसते. असे एखादे नाव असेल तर आधी त्या व्यक्तीला फोन करून विचारतो आणि मगच पुढे लिहितो.

शिफारशींचा रकाना आपल्याकडचे लोक रिकामा सोडतात, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. शिफारस लिंक्डइनवर आपल्याशी थेट जोडलेल्या माणसालाच लिहिता येते, त्यामुळे आधी त्याला जोडून घ्या आणि मग मागा. मात्र नुसते “माझ्याबद्दल दोन शब्द लिहा” असे म्हटले की “फार चांगला माणूस” एवढेच लिहून मिळते. मी आमच्या सूत पुरवणाऱ्यांना सांगितले की तीन वर्षांत माझे पैसे एकदाही थकले नाहीत, हे खरे असेल तर तेच लिहा. त्यांनी तेच लिहिले. बेळगावच्या एका शाळा पुरवठादाराने मला नंतर सांगितले की त्यांनी माझ्या कापडाच्या छायाचित्रांआधी ती शिफारस वाचली. गिऱ्हाइकाने केलेली स्तुती सगळेच मिळवतात. पण ज्याला आपण पैसे देणे लागतो त्याने आपल्याबद्दल चांगले लिहिले, तर त्याचे वजन वेगळे असते. आपले व्यापारी आपल्या वडिलांबद्दल असे लिहितील का, हे एकदा विचारून पाहावे. थेट विक्री सुरू करण्याआधी त्यांना विश्वासात घेतले, तर ते नाही म्हणणार नाहीत, असे मला वाटते.

भाषेबाबत माझे मत असे आहे की मुख्य प्रोफाइल इंग्रजीत ठेवावी, कारण शोधणारा माणूस शब्द इंग्रजीत टाकतो. एकाहून अधिक भाषांत प्रोफाइल ठेवण्याची सोय आहे, तिचाही उपयोग करता येईल. पण इंग्रजी आपले आपण लिहावे. मी एकदा कोणाकडून तरी फार भारदस्त इंग्रजी लिहून घेतले होते. नंतर एका गिऱ्हाइकाशी फोनवर बोलताना त्याला प्रोफाइलमधला माणूस आणि फोनवरचा माणूस एकच आहे यावर विश्वास बसेना, आणि मलाच संकोच वाटला. साधी, छोटी इंग्रजी वाक्ये पुरतात. रोजच्या कामाविषयी जे लिहायचे, ते मात्र मी मराठीतही लिहितो. लातूर, सांगली, कोल्हापूर, धाराशिव येथील दुकानदार तेच वाचतात आणि त्यावर उत्तरे देतात.

एक सावधगिरीही सांगून ठेवतो. प्रोफाइल नीट झाली की परदेशी चौकश्या येऊ लागतील. त्यांपैकी काही पहिल्याच पत्रात मोठी मागणी कळवतात आणि दुसऱ्या पत्रात ‘विक्रेता नोंदणी शुल्क’ भरायला सांगतात. माल विकण्यासाठी आपणच आधी पैसे भरायचे असतील, तर तेथेच थांबावे. समोरच्याचा ईमेल त्याच्या कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावरून आला आहे का आणि ती प्रोफाइल किती जुनी आहे, हे पाहिल्याशिवाय नमुनेसुद्धा पाठवू नयेत.

---

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. वजनाचा हिशेब वाचून मी लगेच शेडमध्ये जाऊन दहा नग तोलले. आमचा ७५ बाय १५० चा पांढरा टॉवेल ४९८ ते ५१२ ग्रॅमच्या दरम्यान भरला. वडील शेजारी उभे होते. आकडे लिहायला आता त्यांची हरकत नाही. दर मात्र लिहायचे नाहीत, हे त्यांनी पुन्हा बजावले आहे. आमचे उत्पादन महिन्याला सुमारे १५ टन आहे आणि त्यांतले ११ टन व्यापाऱ्यांना बांधलेले आहे, त्यामुळे नव्या गिऱ्हाइकासाठी चार टन, म्हणजे अशा टॉवेलचे सुमारे आठ हजार नग, एवढेच लिहीन.

‘निर्यातदार’ या शब्दाचा आणि ‘सोलापुरी टॉवेल’ या नावाचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. भौगोलिक मानांकनाचे (विशिष्ट गावच्या किंवा प्रदेशाच्या उत्पादनाला कायद्याने मिळणाऱ्या ओळखीचे) चिन्ह वरच्या पट्टीत लावावे, असे एका मित्राने सुचवले आहे. ते चालेल का?

---

उत्तर ३ | निर्यातीच्या कागदपत्रांचे काम करणारा, सोलापूर

या दोन्ही शब्दांमागे कायदा आणि कागद आहेत, म्हणून थोडे काटेकोर लिहितो.

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींची भौगोलिक मानांकनासाठी २००५-०६ मध्ये नोंदणी झाली, आणि देशात हे मानांकन मिळालेल्या अगदी सुरुवातीच्या उत्पादनांत त्यांची गणना होते. आपल्या गावाला त्याचा अभिमान असणे स्वाभाविक आहे. परंतु १९९९ च्या कायद्यानुसार मानांकन मिळते ते उत्पादनाला, आणि ते वापरण्याचा हक्क असतो नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्यांना. आपला कारखाना सोलापुरात आहे, एवढ्यावर तो हक्क आपोआप मिळत नाही. आपल्या नावाची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असेल तर चिन्ह जरूर लावा आणि नोंदणी क्रमांकही द्या. नसेल तर आधी अर्ज करा आणि तोवर ‘सोलापुरातील टेरी टॉवेल उत्पादक’ असे लिहा. त्यात आपण कोठे आणि काय बनवता एवढेच येते, आणि ते पूर्ण खरे आहे.

‘निर्यातदार’ हा शब्द आपल्या स्वतःच्या नावाने माल परदेशी गेला असेल तरच वापरावा. त्यासाठी विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात कोड लागतो, आणि आपण म्हणता त्या मालाची कागदपत्रे तर व्यापाऱ्याच्या नावाची आहेत. असा शब्द वाचून एखाद्या परदेशी खरेदीदाराने मागील खेपांचे दाखले मागितले, तर आपल्याकडे दाखवायला काही नसेल. ‘निर्यातदार व्यापाऱ्यांना पुरवठा’ असे लिहिले तर ते खरे आहे आणि कमीपणाचेही नाही. कोड काढून ठेवला असेल तर ‘थेट निर्यातीसाठी कोड उपलब्ध’ असे वेगळे वाक्य टाका. आयात-निर्यातीसाठी मालाचे जे आकडेवार वर्गीकरण असते, त्यात सुती टेरी टॉवेल ६३०२६० या शीर्षकाखाली येतात. परदेशी आयातदार आणि त्याचा क्लिअरिंग एजंट याच आकड्यांनी शोधतो, म्हणून ‘माझ्याविषयी’च्या शेवटी हा आकडा असू द्या.

ओको-टेक्स (कापडात घातक रसायने नसल्याचे) किंवा गॉट्स (सेंद्रिय धाग्याच्या कापडाचे) यांसारख्या प्रमाणपत्रांचा उल्लेख करताना ते कोणाच्या नावाचे आहे, हे पाहा. प्रमाणपत्र प्रोसेस हाउसचे किंवा सूतगिरणीचे असेल तर तसेच लिहावे. त्यावर मुदतीची तारीख असते आणि क्रमांकावरून ते कोणालाही तपासता येते. दुसऱ्याचे प्रमाणपत्र आपल्या पट्टीत लावलेल्या कारखान्यांचे व्यवहार अगदी शेवटच्या टप्प्यावर मोडलेले मी पाहिले आहेत, आणि तोवर मालही विणून झालेला होता.

भारतात शासकीय ओळखपत्राच्या आधारे लिंक्डइनवरची आपली ओळख पडताळून घेण्याचीही सोय आहे. ती केली की नावाजवळ खूण दिसते. अनोळखी गावातल्या खरेदीदाराला तेवढाच दिलासा मिळतो.

---

प्रश्नकर्ता

सर्वांच्या सांगण्यावरून मजकूर तयार केला आहे. प्रोफाइलवर तो इंग्रजीत जाईल, येथे मराठीत देतो. चुका सांगाव्यात.

नावाखालची ओळ: “हॉटेल व रुग्णालयांसाठी पांढरे टेरी टॉवेल विणतो, ४०० ते ५५० जीएसएम, डॉबी बॉर्डर, सोलापूर, महिन्याला ८,००० नगांपर्यंत नवी मागणी स्वीकारतो.”

माझ्याविषयी: “७५ बाय १५० सेंटिमीटर, ४५० जीएसएम, नगाचे वजन ४९५ ते ५१५ ग्रॅम. हा आमचा सर्वाधिक जाणारा टॉवेल आहे. सोलापुरातील आमच्या शेडमध्ये २४ मागांवर तो विणला जातो. ब्लीचिंग आणि रंगणी बाहेरच्या प्रोसेस हाउसमध्ये होते. शिलाई, तपासणी आणि बांधणी आम्ही स्वतः करतो. आजवर आमचा माल व्यापारी आणि निर्यातदारांमार्फत गेला आहे. आता त्यांतला काही भाग आम्ही थेट हॉटेल व रुग्णालयांना देऊ इच्छितो. १८७७ साली सुरू झालेल्या सोलापूरच्या जुन्या मिलमध्ये माझे आजोबा जॉबर होते आणि वडील वयाच्या सोळाव्या वर्षापासून मागावर आहेत. प्रत्येक खेपेतले पहिले दहा नग वडील स्वतः तपासतात. सुती टेरी टॉवेल, शीर्षक ६३०२६०. अधिक माहितीसाठी संपर्क करावा.”

मिलची हकिकत ठेवावी की काढावी, याबद्दल अजून मनाची खात्री होत नाही.

---

उत्तर | हॉटेलसाठी कापडी सामानाची खरेदी पाहणारी, पुणे

दादा, हकिकत अवश्य ठेवा. ती आकड्यांनंतर आली आहे आणि दोन वाक्यांत संपली आहे, म्हणून ती वाचली जाईल. ‘पहिले दहा नग वडील स्वतः तपासतात’ हे वाक्य तर मी असते तर पहिल्या तीन ओळींत आणले असते, कारण माल अडला तर कोणाला विचारायचे, याचे उत्तर त्यात आहे. अनुभवाच्या रकान्यात वडिलांबरोबरची सहा वर्षे नीट लिहा: खरेदी पाहता की हिशेब, सुताचे सौदे कोण करते. घरच्या धंद्याला अनुभव म्हणायला आपली मुले संकोचतात. तसा संकोच करू नका.

दोन दुरुस्त्या सुचवते. ‘४०० ते ५५० जीएसएम’ लिहिले आहे, पण वजन एकाच प्रकाराचे दिले आहे. ५५० च्या नगाचेही तोलून लिहा. त्याच मापात ते ६१९ ग्रॅमच्या जवळपास यायला हवे. आणि शेवटचे ‘अधिक माहितीसाठी संपर्क करावा’ हे वाक्य काढून टाका. त्याऐवजी नमुन्याचे दोन नग किती दिवसांत पाठवू शकता आणि कुरिअरचा खर्च कोणाचा, ते लिहा. मी तरी असे वाक्य दिसले की त्याच दिवशी नमुने मागवते.

---

प्रश्नकर्ता

ताई, दोन्ही दुरुस्त्या केल्या. ५५० चा नग सहा वेळा तोलला. ६१२ ते ६२४ ग्रॅम भरतो. नमुन्याचे दोन नग चार दिवसांत आमच्या खर्चाने, महाराष्ट्रात कोठेही, असे लिहिले आहे. तिघांपैकी एका व्यापाऱ्यांना काल घरी जाऊन सगळे सांगितले. त्यांनी वडिलांबद्दल शिफारस लिहिण्याचे कबूल केले आहे. त्यांचे लिंक्डइनवर खातेच नाही, तेव्हा त्यांच्या मुलीला बसवून आधी ते उघडतो. उद्या सकाळच्या पाळीत सहाव्या मागावर नवा बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ) चढणार आहे. खिडकीतून उजेड तेथेच येतो, तेव्हा छायाचित्र त्याच वेळी काढून घेईन.